बाळाच्या घरात आधी काय बदलावं? धूर, तंबाखू, शेंगदाणे आणि डबे यांची तुलना

घरात लहान मूल आलं की 'यानं कॅन्सर होतो' अशा याद्या मोबाईलवर येऊ लागतात. त्यांत गुटखा आणि मायक्रोवेव्ह एकाच रांगेत असतात. घाबरलेले आईबाप मग महागडी पाण्याची बाटली आणतात, आणि बाळाच्या उशाशी डासांची कॉइल मात्र रात्रभर जळत राहते. खर्च आणि कष्ट दोन्ही मोजकेच असतात, म्हणून कोणती गोष्ट आधी बदलायची आणि कोणती नंतर, हे ठरवायला मदत व्हावी असा हा आढावा आहे.

पहिली अडचण वर्गवारीची. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था (फ्रान्समधल्या लियाँची) पदार्थांचे गट करते: गट १ म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा, २अ म्हणजे बहुधा, २ब म्हणजे शक्यता आहे आणि ३ म्हणजे ठरवण्याइतका पुरावा नाही. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. तंबाखू गट १ मध्ये आहे आणि २०१५ पासून सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांसही गट १ मध्येच आहे. म्हणून दोन्हींचा धोका सारखा ठरत नाही. निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. पुरावा किती पक्का? मुलाच्या अंगात रोज किती जातं? आणि बदलायला किती सोपं? तिन्ही उत्तरं जिथे एकाच बाजूला पडतात, तिथून सुरुवात करायची.

मुलांचा वेगळा विचार का, तर वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात आणि पुढे सत्तर-ऐंशी वर्षांचं आयुष्य त्यांच्यासमोर असतं. मात्र मुलांना होणाऱ्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा बाहेरचं कुठलंच ओळखता येणारं कारण सापडत नाही. ज्यांच्या मुलाला आजार झाला त्यांनी स्वतःला दोष देण्यासाठी हे वाचू नये. इथे सांगितलेल्या बदलांचा बहुतेक फायदा मूल मोठं झाल्यावरचा आहे, आणि फुप्फुसांपुरता तो आजच दिसतो.

डास: कॉइल, मशीन की मच्छरदाणी

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि तोही सगळ्यात कमी पैशांत.

कॉइलमध्ये कीटकनाशक अगदी थोडं असतं. बाकी सगळा लाकडाचा भुसा, करवंटीची पूड आणि चिकटवण्याचा पदार्थ. सात-आठ तास जळतो तो हाच भुसा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडताना आढळले, आणि फॉर्माल्डिहाइड ५१ सिगारेटींइतकं. फॉर्माल्डिहाइड गट १ मध्ये आहे. दहा बाय दहाच्या बंद खोलीत, जमिनीलगत अंथरलेल्या गादीवर झोपलेलं बाळ रात्रभर हा धूर ओढतं. 'कमी धुराची' कॉइल घेतली तर डोळ्यांना धूर कमी दिसतो, पण त्यात कोळशाची पूड असेल तर न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड तयार होतच राहतो. डास पळवणाऱ्या अगरबत्त्या आणखी वाईट. त्यांतल्या कित्येकांवर कीटकनाशकाचा केंद्रीय नोंदणी क्रमांकच नसतो. पुड्यावर तो क्रमांक आणि घटकाचं नाव दिसत नसेल तर आत काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही.

द्रवाच्या मशीनमध्ये जळत काहीच नाही, द्रव गरम होऊन वाफ होते. बाटलीवर बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन, ०.८८ किंवा १.६ टक्के असं छापलेलं असतं. धूर नसल्यामुळे कॉइलपेक्षा हे केव्हाही बरं. तरी कीटकनाशक हवेत सोडलं जातंच, म्हणून झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी लावावं, बाळ खोलीत आलं की बंद करावं आणि खिडकीची थोडी फट ठेवावी. पलंगाच्या उशाशी असलेल्या बटणात ते लावू नये. इथे खरा धोका बाटलीचा आहे. आतलं द्रावण रॉकेलसारखं असतं आणि रांगतं मूल बाटली फिरवून काढू शकतं. मुलानं ती तोंडाला लावली असेल तर उलटी काढायला लावू नका. उलटीबरोबर द्रव फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठायचा.

मच्छरदाणीत ना धूर ना वाफ. जाळीला चौरस इंचाला साधारण १५६ छिद्रं असावीत, त्याहून मोठ्या छिद्रांतून डास शिरतो. मच्छरदाणी निकामी ठरते ती तीन कारणांनी: कडा गादीखाली खोचलेल्या नसतात, हात-पाय जाळीला टेकतात आणि डास बाहेरूनच चावतो, किंवा ती फक्त रात्री लावली जाते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही ती हवीच. बाळांसाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी मिळते. ती तान्ह्या बाळापुरती ठीक, पण मूल पालथं पडून सरकायला लागलं की ते कडेखाली अडकतं. तेव्हा मोठी, चार टोकांना बांधायची घ्यावी. खिडक्यांना वेल्क्रोची जाळी लावली की घरभराचा प्रश्न सुटतो. फक्त मोरीचा पाइप आणि दाराखालची फट विसरू नये.

आमची पसंती स्पष्ट आहे: जाळी आणि मच्छरदाणी, गरज पडली तर मशीन, आणि कॉइल फक्त अंगणात. पण मलेरिया-डेंग्यू हा आजचा धोका आहे. पावसाळ्यात घरात दुसरं काहीच नसेल तर एका रात्रीच्या कॉइलसाठी मन खाऊ नये. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी आणावी.

देवघराचं गणितही असंच आहे. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सरासरी ४५ मिलिग्रॅम कण निघतात, सिगारेटच्या एका ग्रॅममागे सुमारे १० मिलिग्रॅम. उदबत्ती लहान असते आणि थोडा वेळच जळते, पण रोज दोन वेळा, बंद घरात. तुपाचं निरांजन लावावं, ताजी फुलं वाहावीत, आणि उदबत्ती हवीच तर ती तुळशीपाशी किंवा गॅलरीत लावावी. धूप-गुग्गुळाचा धूर घरभर फिरवायची पद्धत मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत बंद ठेवली तर उत्तम.

धुरी की नुसता ऊबदार पंचा

आंघोळीनंतर बाळाला धुरी देणं हे अजून कितीतरी घरांत प्रेमानं केलं जातं. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, थोडा धूप, आणि वर बाळ. हेतू तीन: केस सुकावेत, अंग शेकावं, सर्दी होऊ नये. पहिले दोन हेतू धुराशिवाय पूर्ण होतात आणि तिसरा धुरानं उलटच होतो, कारण श्वासनलिकेचं अस्तर धुरानं सुजतं.

त्याऐवजी आंघोळीआधी खोलीचा पंखा बंद करा, दारं-खिडक्या लोटून घ्या. सुती पंचा आधी उन्हात किंवा इस्त्रीनं कोमट करून ठेवा. डोकं आधी टिपा, मग अंग, टोपडं घाला आणि दुपट्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं आईच्या छातीशी धरा. आजींना ओव्याचा वास हवाच असेल तर ओवा स्वयंपाकघरात तव्यावर कोरडा भाजून पुरचुंडीत बांधावा आणि पाळण्याच्या बाहेर ठेवावा, बाळाच्या अंगाला लावू नये. पुरचुंडीत कापूर घालू नका, लहान बाळात त्यानं झटके येऊ शकतात. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी बंद खोलीत ठेवणं तर ताबडतोब थांबवावं. कार्बन मोनॉक्साइडनं आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो.

चूल, गॅस, इंडक्शन आणि बंब

लाकूड-गोवऱ्यांचा घरातला धूर २अ मध्ये आहे, दगडी कोळशाचा गट १ मध्ये. गॅसवर धूर जवळपास नसतो. इंडक्शनवर ज्वालाच नसल्यानं ज्वलनाचे वायूही नसतात, पण तळणीचा धूर तिथेही येतो आणि तो २अ मध्येच आहे. म्हणून इंधन बदललं तरी पुऱ्या-भजी तळताना पंखा किंवा खिडकी हवी, आणि बाळाला कडेवर घेऊन तळायला उभं राहू नये.

खेड्यात प्रश्न वेगळा असतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर घरात आला, पण तो भरून आणणं परवडत नाही म्हणून चूलही पेटती राहिली. दोन्ही वापरायचंच असेल तर वाटणी अशी करावी: मूल जागं असताना घरात होणारा चहा, दूध, खिचडी गॅसवर, आणि जास्त वेळाचं काम बाहेरच्या चुलीवर. डाळ कुकरमध्येच लावावी. लाकूड वर्षभर आडोशाला सुकवलेलं हवं, कारण ओल्या लाकडाचा धूर कित्येक पट असतो. भिंतीला धुराडं असलं तर तेही वर्षातून दोनदा झाडून घ्यावं, काजळीनं ते तुंबलं की धूर आत फिरतो.

बंबाबद्दल मात्र कडकपणे बोलायला हवं. पाणी तापवायला त्यात दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला, टायरचे तुकडे, रंगवलेल्या प्लायच्या पट्ट्या जातात. क्लोरीन असलेलं प्लास्टिक अर्धवट जळलं की डायऑक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. त्यांतलं सगळ्यात विषारी रसायन गट १ मध्ये आहे आणि ते शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठतं. बंबात फक्त लाकूड आणि करवंट्या, दुसरं काही नाही. त्याची राख भांडी घासायला किंवा परसातल्या भाजीला घालत असाल तर हा नियम दुप्पट पाळावा. बंबाऐवजी गॅस गीझर घेणार असाल तर तो न्हाणीघराच्या बाहेर बसवा. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइडनं माणसं बेशुद्ध पडतात.

तंबाखू, मिश्री, गोड सुपारी

इथे तुलना करण्यासारखे दोन पर्यायच नाहीत, फक्त पळवाटा आहेत. 'मी गॅलरीत ओढतो' ही पहिली. दार उघडं असलं की धूर आत येतो, आणि शर्ट, मिशी, बोटं यांवर चिकटलेलं ते वेगळंच. सोडणं जमेपर्यंत निदान इमारतीबाहेर ओढावं, परत आल्यावर हात-तोंड धुवावं, शर्ट बदलावा आणि मगच बाळाला घ्यावं. थोटूक जमिनीवर राहू देऊ नये, रांगत्या मुलाने एक चघळलं तरी निकोटिनची विषबाधा होते.

मिश्री हा आपल्याकडचा खास धोका, आणि घराघरांत तो औषध समजला जातो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात. भाजतानाचा धूर स्वयंपाकघरात पसरतो, आणि पुढे दात येताना बाळाच्या हिरड्यांना 'जरा लावली' जाते. धूर न होणारी तंबाखूसुद्धा गट १ मध्ये आहे. दात शिवशिवत असतील तर थंड केलेलं स्वच्छ ओलं फडकं चावायला द्यावं. पहिला दात आला की मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. तरी ज्या सुट्या मंजनावर घटकच छापलेले नाहीत ते आणू नये.

गोड सुपारी मुलांना सर्रास मिळते, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारीला मात्र लोक अजून 'साधी'च समजतात. सुपारी स्वतःच गट १ मध्ये आहे, तंबाखू नसली तरी. सतत खाण्यानं गालाच्या आतली त्वचा ताठ होते, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे तिथेच कॅन्सर होऊ शकतो. मुखवासाला भाजलेली बडीशेप, धणाडाळ, तीळ, आवळा आहेतच. 'आवळा सुपारी' नावाच्या पाकिटात बहुधा नुसता सुकवलेला आवळा असतो. पण घटक वाचूनच घ्या, कारण काही मिश्रणांत खरी सुपारीही असते.

शेंगदाणे: सुटे, निवडलेले की तयार कूट

साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, चटणी, लाडू. आपल्या मुलांच्या पोटात दाण्याचं कूट वर्षापासूनच जायला लागतं. म्हणूनच या विभागाला आम्ही प्लास्टिकपेक्षा वरचं स्थान देतो.

दमट हवेत दाण्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते गट १ मध्ये आहे आणि यकृताचा कॅन्सर करतं. तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, भाजण्यानं ते पूर्ण नष्ट होत नाही, त्याला तव्यावरच्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. दोन, ते सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. थोडेच दाणे भरपूर विष घेऊन असतात. तीन, दिसणारी बुरशी पुसून टाकली तरी विष आत राहतं.

दुसऱ्या मुद्द्यामुळेच हातानं निवडणं खरोखर उपयोगी पडतं. दाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट-हिरवट, फुटके आणि कोंब आलेले काढून टाका. मग भाजा, सालं पाखडा आणि पुन्हा एकदा बघा. साल गेल्यावर पिवळट-करडे डाग उघडे पडतात. दोन डाळिंब्या वेगळ्या झाल्या तर आतली बाजूही पाहावी. खाताना एखादा दाणा कडू किंवा खवट लागला तर थुंकायचा, मुलांनाही तेच शिकवायचं.

आता पर्याय. शेंगा सालासकट घेतल्या तर दाणा सुरक्षित राहतो, फक्त शेंग हलवून खुळखुळणारी, कोरडी घ्यावी, टरफलाला भोक असलेली नको. मोठ्या पिशवीतले सुटे दाणे स्वस्त पडतात, पण पावसाळ्यात ते पोत्यात किती दिवस दमट होते ते कळत नाही. पाकीटबंद, निवडलेले दाणे थोडे महाग असले तरी लहान मुलाच्या घराला परवडवून घ्यावेत. खायला तयार शेंगदाण्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. दुकानातलं तयार सुटं कूट मात्र घेऊच नये. कोणते दाणे दळले ते दिसत नाही, आणि सुरकुतलेला, तुटलेला माल बहुधा दळायलाच जातो. कूट घरी करावं, आठवडाभराचंच, आणि कोरड्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावं. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो.

तेलाबाबत एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण ती खरी आहे. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल शुद्ध वाटतं, पण दाणे न निवडता घातले तर विषाचा काही भाग तेलाबरोबर येतो. रिफाइंड तेलात अल्कली आणि ब्लीचिंग मातीची प्रक्रिया होते, तिथे ते बहुतांशी निघून जातं. म्हणजे घाण्याचं तेल टाळावं असं नाही. घाणेवाल्याला विचारा: दाणे निवडता का, आणि तेल किती दिवस निवळू देता? समोर उभं राहून निवडलेले दाणे घालून काढून घेता आलं तर त्याहून चांगलं काही नाही. डब्याच्या तळाचा गाळ वापरू नये.

सुकं खोबरं, मका, सुक्या मिरच्या यांनाही हेच लागू. खोबऱ्याच्या वाटीवरचा हिरवा-काळा भाग खरवडून उरलेलं वापरण्यात काटकसर नाही, ते टाकावं. आणि टाकलेले बुरशीचे दाणे किंवा पेंड गाईम्हशीला घालू नका, ते विष दुधात उतरतं आणि उकळल्यानं जात नाही.

या सगळ्याला एक जोड आहे, ती चुकवू नये. हिपॅटायटिस बीचा संसर्ग असलेल्या माणसात अफ्लाटॉक्सिनचा घातकपणा कित्येक पटींनी वाढतो. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस, आणि मग ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांच्या एकत्र लशीतून पुढचे डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. घरी किंवा लहान दवाखान्यात बाळंतपण झालं की जन्माचाच डोस राहून जातो. लसीकरणाच्या कार्डावर ती तारीख शोधा.

डबे, कागद, तवा

प्लास्टिकविरुद्धचा पुरावा वरच्या गोष्टींइतका पक्का नाही. तरी स्टीलचा डबा एकदा घेतला की वीस वर्षं चालतो, मग वाद कशाला? गरम वरण-भात, तुपाची पोळी, लोणचं हे प्लास्टिकमध्ये नको. उष्णता, तेल आणि आंबट यांनी प्लास्टिकमधले पदार्थ जास्त सुटतात. कोरडी बिस्किटं, चुरमुरे प्लास्टिकच्या बरणीत राहिले तर बिघडत नाही. थर्माकोलच्या कपातला चहा-दूध मात्र बंद, कारण त्यातलं स्टायरीन २अ मध्ये आहे.

वडापाव आणि भजी वर्तमानपत्रात बांधून मिळतात. छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानं या पद्धतीविरुद्ध स्पष्ट सूचना दिल्या आहेत. पिशवीत एक रिकामा स्टीलचा डबा असू द्यावा, गाडीवाले त्यात आनंदानं देतात.

नॉनस्टिक की बिडाचा तवा? नॉनस्टिक करताना पूर्वी वापरलं जाणारं एक रसायन २०२३ मध्ये गट १ मध्ये गेलं, आता उत्पादनात ते बहुतेक बंद आहे. तुमचा तवा जुना आणि खरवडलेला असेल तर काढून टाका. नवा असेल तर रिकामा तापवत ठेवू नका, कारण २६० अंशांच्या वर लेपाचं विघटन व्हायला लागतं. पोळी-भाकरीसाठी लोखंडी किंवा बिडाचा तवाच बरा, घावनासाठीही तो कांद्याच्या फोडीनं तेल फिरवून तयार करता येतो.

लहानसहान पण सोपं

टाल्कम पावडर २०२४ मध्ये २अ मध्ये गेली. बाळाला तिची गरजच नाही, उलट ती श्वासात जाते. लंगोटाच्या जागी पुरळ असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम. गोधड्यांमधल्या डांबरगोळ्या (नॅफ्थॅलिन, २ब) काढा, काही बाळांत त्यांच्या वासानेही रक्तपेशी फुटून कावीळ होते. गोधड्या उन्हात तापवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवाव्यात. झुरळांसाठी घरभर फवारणी करण्यापेक्षा कपाटाच्या बिजागरांशी आणि सिंकखाली जेलचे मटाराएवढे ठिपके पुरतात, मुलाचा हात न पोहोचेल तिथे. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांतली साखर वाढते, मग तळताना काप लवकर काळपट होतात आणि अॅक्रिलामाइड (२अ) जास्त तयार होतं. चिरून अर्धा तास पाण्यात ठेवा, पुसा, सोनेरी होईपर्यंतच तळा.

छपरावरचे 'सिमेंटचे पत्रे' बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. अखंड पत्र्यापासून धोका कमी. तो कापताना, भोक पाडताना, ब्रशनं शेवाळ घासताना धागे हवेत उडतात, आणि ते गट १ मध्ये आहेत. काम असेल तेव्हा मुलाला शेजारी पाठवा, पत्रा आधी ओला करा, तुकडे ओल्या गोणीत बांधा, अंगणात चुरा पडू देऊ नका. नवीन छप्पर घालणार असाल तर रंगीत लोखंडी पत्रा घ्या.

दिवाळीत 'मुलांसाठी निरुपद्रवी' म्हणून नागगोळी आणली जाते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं विद्यार्थ्यांसोबत मोजलं तेव्हा सूक्ष्म कणांत नागगोळीच सगळ्यात वर निघाली, लडी आणि फुलबाजीपेक्षाही. भुईनळा सगळ्यात खाली होता. मूल नागगोळीवर ओणवं होऊन पाहतं आणि सगळा धूर त्याच्या तोंडावर येतो, म्हणून ती पूर्ण वगळावी. फुलबाजी हवी असेल तर मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून लावावी.

ज्यावर वेळ घालवू नये

मोबाईलच्या लहरी २ब मध्ये आहेत (२०११). मुलाला मोबाईल न देण्याची झोप, डोळे, बोलणं ही कितीतरी भक्कम कारणं आहेत, त्यासाठी कॅन्सरची भीती घालायला नको. अॅस्पार्टेम ही कृत्रिम साखरही २ब (२०२३). लहान मुलाला साखरेचं किंवा बिनसाखरेचं शीतपेय द्यायचंच नसतं, त्यामुळे प्रश्नच उरत नाही. अॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये शिजवलेल्या भातानं कॅन्सर होतो असा पुरावा नाही, फक्त आंबट सांबार-कढी त्यात तासन्‌तास ठेवू नये. मायक्रोवेव्हनं अन्न किरणोत्सारी होत नाही. खिचडी गरम करायची असेल तर काचेच्या वाटीत करावी, मधे एकदा ढवळावी, आणि बाळाला भरवण्याआधी मनगटावर थेंब टाकून पाहावा, कारण एका जागी कोमट लागणारं अन्न दुसऱ्या जागी उकळतं असू शकतं.